कालच्यासारखी

जुन्या गाडीचा विषय निघाला की आमच्या साखरखेर्ड्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, “किती चालली?” माझ्या पिकअपचं मीटर या दिवाळीत चार लाख अठरा हजारांच्या पुढं गेलं. आकडा ऐकून कुणी म्हणतं, आता काढून टाका. कुणी म्हणतं, अजून लाखभर ओढेल. दोघंही गाडीजवळ न जाता बोलतात. इतक्या वर्षांनी मला वाटायला लागलंय की तो प्रश्नच अर्धा आहे. मीटर रस्ता मोजतं, आणि गाडी काही नुसत्या रस्त्यानं झिजत नाही.

थंड इंजिनाचंच घ्या. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली चेंबरात उतरून बसतं. सकाळी सेल्फ मारल्यावर ते वर चढेपर्यंतचे काही क्षण आतले भाग जवळजवळ कोरडेच एकमेकांवर घासतात. त्यातून गावातल्या गावात दोन चकरा मारून गाडी पुन्हा उभी केली, तर इंजिन पुरतं तापतही नाही आणि आत धरलेला ओलावा ऑइलातच राहतो. असं दिवसातून दहादा झालं तरी मीटरवर चार-सहा किलोमीटर चढतात, बस. उलट सोयाबीन भरून एका दमात जालना गाठलेली गाडी मीटरवर पुष्कळ आकडे चढवते आणि इंजिनाला त्याचं फारसं काही वाटत नाही.

अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी १९६६ साली एक व्होल्व्हो घेतली आणि २०१३ साली अलास्कात त्याच गाडीचे ३० लाख मैल पुरे केले. आपल्या हिशेबात सुमारे ४८ लाख किलोमीटर. गाडी लांब-लांब पल्ल्यांवर पळत राहिली, हे तिच्या टिकण्याचं एक कारण. दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं. १९६६ पासून २०१८ मध्ये गॉर्डन वारले तोपर्यंत ती एकाच माणसाच्या हातात होती.

आपल्याकडे जुन्या गाडीच्या बाजारात याला ‘एकहाती गाडी’ म्हणतात आणि तिला दोन पैसे जास्त मिळतात. लोक समजतात, एकाच मालकानं गाडी जपून वापरली असणार म्हणून भाव जास्त. तसं असेलही. पण एका हातातली गाडी चांगली राहते ती त्या हाताला तिची कालची गत माहीत असते म्हणून, असं माझं मत झालंय. आजची गाडी कालच्यासारखी आहे की नाही, एवढं ज्याला सांगता येतं त्याची गाडी टिकते. माझ्या लेखी देखभाल म्हणजे हे ओळखणं. पाना, गिरीज, ऑइल ही सगळी त्याच्या मागून येणारी कामं.

हे मला शिकवलं ते एका फसलेल्या खेपेनं.

पिकअप मी जुनी घेतली तेव्हा मीटरवर एक लाख ऐंशी हजार होते. बॉडी चांगली, टायर बरे, धूर नाही, कागद पक्के. पहिल्या हंगामात ऑक्टोबरात सोयाबीन भरून जालन्याला निघालो. सिंदखेडराजा मागं पडलं आणि सवयीनं मी काट्याकडं पाहिलं. तापमानाचा काटा बरोबर मधोमध होता. माझ्या समजुतीप्रमाणं मधे म्हणजे उत्तम. तसाच चालवत राहिलो. पुढं एका चढावर गाडीनं ओढ सोडली, बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि गाडी थांबली ती थांबलीच. रेडिएटरमधलं पाणी होजला गेलेल्या बारीक चिरेतून कधीचं संपलं होतं. हेड गॅस्केट उडालं होतं, हेड वाकलं होतं. काठी घालून पाहिलं तर ऑइल चहासारखं दुधाळ. माल दुसऱ्या गाडीत चढवला, आपली टोचन करून आणली, हेड फेसिंगला पाठवलं. त्या हंगामाचं भाडं त्यातच गेलं.

महिन्याभरानं लव्हाळा फाट्यावर चहाच्या टपरीवर त्या गाडीचा जुना ड्रायव्हर भेटला. मी झालेलं सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, “भाऊ, तिचा काटा कधी पावाच्या वर जात नव्हता. मधे आला म्हणजे पाणी गेलं समजायचं.”

मग खोलून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. आधीच्या मालकानं कधीतरी इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. मिस्त्री लोक त्याला व्हॉल म्हणतात. इंजिन ठरावीक तापमानाला येईपर्यंत पाण्याचं फिरणं रोखून धरायचं, हे त्याचं काम. तो नसला की पाणी सारखं फिरत राहतं आणि इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं. हेही वाईटच. थंड चालणाऱ्या इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, झीज वाढते. पण त्या ड्रायव्हरला व्हॉलबद्दल काही माहीत नव्हतं. त्याला फक्त इतकं ठाऊक होतं की ही गाडी पावावर असते. तेवढ्यावर त्यानं ती तीन वर्षं बिनघोर चालवली. मला डॅशबोर्डावरच्या खुणांचा अर्थ माहीत होता, त्या गाडीचा माहीत नव्हता. आरसी बुकावर माझं नाव चढलं, चाब्या हातात आल्या, विमा माझ्या नावावर झाला. काटा कुठं असतो ही गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर नव्हती. ती एका माणसाच्या डोळ्यांत होती आणि तो माणूस व्यवहाराच्या वेळी तिथं नव्हता.

आमच्या भागात ही ओळख नवी नाही. मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून ती गोठ्यात आहे. बैल आजारी आहे हे कास्तकाराला कशावरून कळतं? अंगाला हात लावण्याआधीच, रवंथ थांबली यावरून. रोज संध्याकाळी वैरण खाऊन बसल्यावर जबडा हलतो, आज हलत नाही, एवढंच. बाहेरच्या माणसाला दोन्ही दिवशी एक बसलेला बैल दिसेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीत तूप-हळद लावून खांदे चोळतात, त्यात बैलाचं कौतुक आहेच, पण वर्षभर जू बसलेल्या जागेवरून हात सावकाश फिरतो हेही आहे. कुठं सूज आहे, कुठं कातडी सोलली आहे, ते बोटांना लागतं.

आमच्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत १७२४ च्या ऑक्टोबरातल्या लढाईसाठी येतं. निजाम-उल-मुल्कानं इथं मुबारिज खानाचा पाडाव केला आणि दख्खनेत त्याच्या घराण्याचा अंमल पक्का झाला. त्या लढाईचं वर्णन वाचलं की माझं मन सेनापतींवर ठरत नाही. तोफा आणि दाणागोटा ओढत इथवर आलेल्या बैलांकडं जातं. पावसाळा सरताना काळ्या चिखलातून ते आले असतील. त्यांचे खूर, त्यांचे खांदे रोज संध्याकाळी कुणीतरी पाहत असणार, कालचा कोणता आज लंगडतो ते त्याला माहीत असणार. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही.

दसऱ्याला गाडी धुतो तेव्हा मला खांदेमळणी आठवते. झेंडूचा हार नंतर. आधी गाडी फाट्यावरच्या रॅम्पवर चढवून खालून पाण्याचा मारा करून घेतो. चिखल आणि जुनं ऑइल यांचा थर निघाला, की मग आठ दिवसांनी पुन्हा खाली वाकून बघायचं. आता जे ओलं दिसेल ते नवं. मळलेल्या गाडीखाली सगळंच ओलं दिसतं आणि म्हणून काहीच दिसत नाही. मागच्या हाऊसिंगच्या सीलमधून होणारी गळती मला अशाच एका दसऱ्यानंतर सापडली. तिच्यातून ऑइल संपलं असतं तर क्राउन-पिनियन खाल्ली असती. काम एका सीलवर भागलं.

लोखंड अचानक तुटतं असं आपण म्हणतो. ते खरं नाही, आणि हे शोधायला माणसाला फार मोठी किंमत द्यावी लागली. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसकडं निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. गाडी उलटून पेटली आणि पन्नासवर माणसं गेली. त्या काळी आस असे वारंवार तुटत. नवे असताना जे वजन सहज पेलत, त्याच वजनाखाली काही वर्षांनी मोडत. पुढं प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्योलर या इंजिनिअरनं वर्षानुवर्षं प्रयोग केले. आसाचे नमुने यंत्रावर फिरवत ठेवून त्यानं दाखवलं की एका झटक्यात मोडायला लागतं त्याहून पुष्कळ कमी ताणही हजारो-लाखो वेळा दिला, की धातू थकतो. आधी केसाएवढी चीर पडते, ती वाढत जाते, आणि उरलेला भाग वजन पेलू शकेना की एका दिवशी तुकडा पडतो. तुटण्याचा दिवस एक असतो, चिरण्याचे दिवस अनेक असतात. त्या मधल्या दिवसांसाठीच रेल्वेत हातोडीवाला माणूस असायचा. गाडी स्टेशनात थांबली की तो एकेका चाकावर टोला देत जायचा आणि आवाज ऐकायचा. धड चाक खणखणीत वाजतं, चिरलेलं बद्द वाजतं. बाजारात मडकं घेताना आपली आजी दुसरं काय करत होती?

पिकअपच्या पाट्यांनाही हेच लागू आहे. मागचे पाटे हेच त्या गाडीचे खांदे. सेंटर बोल्टाच्या भोकापाशी चीर सुरू होते, तिथं पाणी शिरतं आणि तांबूस रेघ उमटते. ती रेघ दिसली की पाटा बदलायचा. आमच्याकडं उलटं करतात. माल जास्त बसावा म्हणून एक-दोन पाटे वाढवून घेतात. गाडी दबत नाही आणि मालकाला वाटतं ताकद आली. पण पाट्यानं न घेतलेला दणका चॅसीला जातो, हँगरच्या ब्रॅकेटला जातो, हाऊसिंगला जातो. जी चीर पाट्यात पडून दिसली असती, ती आता न दिसणाऱ्या जागी पडते. पाटा दबतो, करकरतो, म्हणजे बोलतो. त्याला गप्प करणं मला पटत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर गैरसमज होईल. कालच्यासारखी म्हणजे नव्यासारखी नाही. चार लाख चाललेल्या गाडीची काही दुखणी ही तिची प्रकृती असते. माझी गाडी दर दोन हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाते. चार वर्षं तेवढंच खाते. मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलून रिंगा टाकू. मी नाही म्हणतो. झाकण उघडलं तर बॅक कॉम्प्रेशन मारत नाही, ओढ आहे, निळा धूर नाही. चांगलं बसलेलं इंजिन उगाच खोललं, तर ते पुन्हा तसंच बसेल याची खात्री नसते. अर्धा लिटर माझ्या हिशेबात आहे. ते उद्या एक लिटर झालं तर मी स्वस्थ बसणार नाही. आकडा मोठा आहे की लहान, याहून तो हलला की नाही, हे मी पाहतो. रस्ता बदलला की ‘काल’ही बदलतो. गावच्या रस्त्यावर खड्ड्यांत टायरॉड, बॉलजॉइंट आणि बुश मार खातात, तिथं कान लावायचा तो स्टिअरिंगच्या खालच्या खडखडीकडं. समृद्धी महामार्गावर मालवाहू गाडीला ताशी ८० ची मर्यादा आहे. पण त्या वेगानं तासन् तास सिमेंटवर धावताना टायर तापतो तसा लव्हाळ्याच्या रस्त्यावर कधी तापत नाही. हवा कमी असली तर आणखीच. त्या रस्त्यावर मी मध्ये थांबतो आणि चारही टायरांजवळ हात नेतो. एक टायर बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्याची हवा तरी कमी आहे किंवा ब्रेक चिकटतोय.

आता या विचाराची दुसरी बाजू. ती मला माझ्या पुतण्यानं दाखवली.

तो शिकायला बाहेरगावी असतो. सुट्टीत आला तेव्हा चिखलीहून खताच्या बॅगा आणायला मी त्याला पाठवलं. परत आल्यावर चाबी देता देता म्हणाला, “काका, ब्रेकचं पायडल इतकं खाली का जातं?” मी म्हटलं, कुठं जातं? बसून दाबून पाहिलं. मला नेहमीसारखंच लागलं. मग त्यानं दुसऱ्या एका पिकअपमध्ये बसवलं आणि दाबायला सांगितलं. फरक चांगला बोटभर होता. मागच्या ड्रममधले लायनर झिजत आले होते आणि ॲडजस्ट केलेले नव्हते. पायडल रोज सुताभरही नव्हे, सुताच्या कणानं खाली गेलं होतं. प्रत्येक दिवस कालच्यासारखाच होता, म्हणून वर्षाचा फरक मला कळलाच नाही. माझा पाय त्या गाडीसोबत झिजत गेला होता.

त्या दिवशी मला धस्स झालं. जी ओळख मी देखभालीचं मूळ समजत होतो, तिनंच मला आंधळं केलं होतं. अनोळखी माणसाला काटा कळत नाही, आणि ओळखीच्या माणसाला पायडल कळत नाही. घरातल्या मुलाची वाढ पाहुण्याला आधी दिसते, तसंच हे.

तेव्हापासून मी वही ठेवली. दोनशे पानी, साधी. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा आणि लिटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ. भरलेली की रिकामी, कुठला रस्ता, तेही शेजारी. यातून ॲव्हरेज निघतं, आणि ते डोळ्याच्या आधी बोलतं. तेराचं बारा झालं तेव्हा धूर अजून दिसत नव्हता. एअर फिल्टर काढला तर काळ्या मातीनं गच्च. आमच्याकडं तूर-सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या मुदतीची वाट पाहत नाही. कूलंटच्या बाटलीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे. पायडल जमिनीपासून किती अंतरावर थांबतं ते दर महिन्याला पट्टीनं मोजतो. टायरच्या खाचांत कंपनीनंच बारीक उंचवटे ठेवलेले असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. तिथं माझ्या अंदाजाला जागाच नाही. आणि वर्षातून दोनदा तरी गाडी दुसऱ्याच्या हातात देतो, फक्त तो काय म्हणतो ते ऐकायला.

ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांच्या बाबतीत ‘तिची प्रकृतीच तशी’ हे वाक्य मी वहीत येऊ देत नाही. ऑइल खाणारं इंजिन माझा खिसा खातं. खाली जाणारं पायडल रस्त्यावरून चालणाऱ्या कुणा दुसऱ्याचं लेकरू खाईल.

गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी असतो, पुढं दरवर्षी. आमच्या एमएच-२८ ला पासिंगच्या तारखा आल्या की मालकांची धावपळ सुरू होते. लाइटी, रिफ्लेक्टर, रंग, ब्रेक, सगळं त्या आठवड्यात. पासिंग हवंच, मी त्याच्या विरोधात नाही, उलट दरवर्षी एक परकी नजर गाडीवरून फिरते हे बरंच आहे. पण ती नजर गाडी त्या दिवशी कशी आहे एवढंच पाहते. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस वहीचे.

या सात-आठ वर्षांत काय काय बदललं ते वहीत मागं जाऊन पाहिलं, वहीच्या आधीचं आठवून. हेड गॅस्केट, क्लचप्लेट दोनदा, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, सेल्फ, रेडिएटर, मागचे फाळके, पाटे, सीटची गादी. पुढच्या वर्षी बहुतेक नोझल. मी घेतली त्यातलं किती उरलं आहे, हे मोजायला बसलो आणि सोडून दिलं. आता व्हॉल बसवलेला आहे, काटा मधे राहतो. पण पूर्वी तो पावावर असायचा आणि का, हे पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

गेल्या महिन्यात मेहकरकडचा एक जण गाडी पाहायला आला. मी विकायचं नक्की ठरवलेलं नाही, तरी कुणीतरी सांगितलं म्हणून आला. वयस्कर माणूस, हातांच्या रेषांत काळं ऑइल बसलेलं. मी वही काढून ओट्यावर ठेवली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, पण उघडली नाही. किती चालली हेही विचारलं नाही. सरळ गाडीपाशी गेला आणि बॉनेटवर तळहात ठेवून क्षणभर उभा राहिला. पहाटेपासून गाडी जागची हलली नव्हती. पत्रा गार होता.

मग तो वळला आणि म्हणाला, “द्या चाबी. आणि भाऊ, थोडं बोलू नका.”